विश्लेषण : ऑफिसच्या लॅपटॉपवर गेमचा ‘मॉड’ टाकणे धोक्याचे का?

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या लॅपटॉपवर ‘माइनक्राफ्ट’ इन्स्टॉल करायला गेले की अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागणारी चौकट समोर येते. मग इन्स्टॉल न करताच चालणारी गेम पेनड्राइव्हवरून आणली जाते, त्यात मॉडही टाकले जातात. ही पळवाट महागात पडू शकते.

मॉड म्हणजे काय?
गेममध्ये नवी पात्रे, नकाशे किंवा नियम आणणारी, बहुतेकदा खेळाडूंनीच तयार केलेली भर. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीतील मॉड हा प्रत्यक्षात एक प्रोग्रॅमच असतो. कर्मचाऱ्याला उघडता येणाऱ्या फाइल त्यालाही वाचता येतात.

अ‍ॅडमिनचे कुलूप पुरत नाही का?
नाही. ब्राउझरमधील लॉगिनची माहिती कर्मचाऱ्याच्याच खात्यात साठवलेली असते. ती चोरायला अ‍ॅडमिनची परवानगी लागतेच असे नाही. म्हणूनच अनेक कंपन्या पेनड्राइव्ह चालू देत नाहीत आणि मंजूर यादीतीलच प्रोग्रॅम उघडू देतात.

असे कधी घडले आहे?
जून २०२३ मध्ये ‘कर्सफोर्ज’ या लोकप्रिय संकेतस्थळावरील माइनक्राफ्टच्या काही मॉडमध्ये ‘फ्रॅक्चरायझर’ हा मालवेअर सापडला. ब्राउझरच्या कुकीज आणि डिस्कॉर्ड, मायक्रोसॉफ्टच्या खात्यांची माहिती तो चोरत होता. म्हणजे नावाजलेल्या ठिकाणाहून घेतलेला मॉडही निर्धोक असेलच, याची खात्री नाही.

नुकसान कोणाचे?
चोरलेल्या कुकीमुळे अनेकदा पासवर्ड किंवा ओटीपी न देताही खात्यात शिरता येते. ऑफिसच्या लॅपटॉपवर ते खाते कंपनीचे, त्यातील माहिती ग्राहकांची आणि पणाला लागलेली नोकरी कर्मचाऱ्याची असते. गेम स्वतःच्या लॅपटॉपवर खेळावी. मात्र त्यावर ऑफिसचा ईमेल उघडू नये.