टीव्ही कुणाच्या बापाचा?

आधी डोक्यातलं एक खूळ काढून टाका. टीव्हीवर यायला स्टुडिओ लागतो, कोटवाला अँकर लागतो, मागं झगमगीत पडदा न् पुढं तीन कॅमेरे लागतात, हे खूळ. ते विकूनच काहींची पोटं भरतात. परवा एका स्टुडिओवाल्यानं आमच्या पोरांना तासाभराच्या मुलाखतीचा भाव सांगितला. पोरं चहा न पिताच उठली. बरं झालं.

मुंबईत दूरदर्शन आलं 2 ऑक्टोबर 1972 ला. तेव्हापासून पडद्यावर कोण दिसणार हे ठरवणारे वेगळे आणि पडद्यापुढं मांडी घालून बसणारे वेगळे. आपण कायम मांडीवाले. आज पैशाची अडचण जवळजवळ संपलीय, तरी रडगाणं मात्र पैशाचंच.

काम काय आहे ते सांगतो. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात देशोधडीला लागलेले किती तरी कामगार साताऱ्याकडं, कोकणात आपापल्या गावी परत गेले. तेव्हाचे तरणे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांची तोंडं मिटायच्या आत त्यांना बोलतं करायचंय. मुंबईला आणावं तर गुडघे साथ देत नाहीत. म्हणून व्हिडिओ कॉल.

आणि ऐकणारे बसलेत लालबाग-परळच्या खोल्यांत. कुणी म्हणेल, फोनवर बघू देत की. फोनवर नातू बघेल, एकटा, कानात बोंडं कोंबून, आणि पाचव्या मिनिटाला क्रिकेट लावेल. टीव्हीवर लागलं की सगळी खोली बघते. शेजारीण दारात उभी राहून बघते. मधेच कुणीतरी ओरडतं, ‘अगं, हे तर आमच्या ह्यांच्या साचाखात्यातले!’ हे ओरडणं मला हवंय. ते फोनवर होत नाही.

तर ऐका. एक जुना लॅपटॉप मिळवा. त्यावर ओबीएस स्टुडिओ घाला. 2012 साली आलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याचा कोड उघडा आहे, चोरून घ्यायची गरजच नाही. गावाकडच्या काकांना व्हीडीओ निंजाची लिंक पाठवा. त्यांनी, म्हणजे त्यांच्या नातवानं, ती फोनच्या ब्राउझरमध्ये उघडायची, कॅमेऱ्याला परवानगी द्यायची, संपलं. ॲप नको, खातं नको. ही सोय फुकट का, तर चित्र शक्यतो एका यंत्रातून थेट दुसऱ्या यंत्रात जातं, मधल्या सर्व्हरचं भाडं पडत नाही. झूमच्या फुकट्या खात्यात चाळीस मिनिटांनी गळा आवळतात. काका चाळीसाव्या मिनिटाला कुठं रंगात आलेले असतात!

ते चित्र ओबीएसमध्ये घ्या, शेजारी तुमचं थोबाड ठेवा, खाली नाव-गाव टाका आणि यूट्यूबनं दिलेली स्ट्रीम की भरून सोडून द्या. फोनच्या ॲपवरून लाइव्ह जायला पन्नास सबस्क्रायबर मागतात, लॅपटॉपवरून मागत नाहीत. मात्र लाइव्हची परवानगी पहिल्यांदा मिळायला चोवीस तास लागू शकतात. ती आधी घेऊन ठेवा, ऐन वेळी धावपळ नको. पलीकडं स्मार्ट टीव्हीत यूट्यूब असतंच. टीव्ही जुना असेल तर एचडीएमआयच्या भोकात काडी लावा, नाहीतर सरळ लॅपटॉपची वायर.

खर्च करायचाच तर आवाजावर करा. काकांना वायरचा, माइकवाला इअरफोन द्या. घुमणारा आवाज तिथंच मरतो. चेहरा खिडकीकडं. नेट रडायला लागलं तर चित्र 480 वर उतरवा, आवाजाला हात लावू नका. चित्र फाटलं तरी लोक बसतात, आवाज तुटला की उठतात. आणि बोलणाऱ्याच्या खोलीत टीव्ही लावू नका. पडद्यावर सगळं काही सेकंद उशिरा, कधी वीस-तीस सेकंद उशिरा पोचतं, काका स्वतःचंच बोलणं ऐकून गोंधळतील. बघणाऱ्यांचे प्रश्नही उशिराच येणार. तेवढं थांबायला शिका. चॅनलवाल्यांसारखं माणसाच्या तोंडातला घास ओढू नका.

आता कडू बोलतो. यूट्यूब फुकट आहे म्हणजे आपलं आहे असं समजणारे शहाणे आपल्यात बरेच आहेत. तुमच्या छोट्या चॅनलवरही तो जाहिरात लावू शकतो, तुम्हाला छदाम न देता. गुगलची हँगआउट्स ऑन एअर ही सोय अशीच फुकट होती, कॉल लावला की थेट यूट्यूबवर. 2019 साली बंद केली. अमेरिकेत रोकू नावाच्या टीव्हीच्या डबीवर कुणीही कंपनीची परीक्षा न देता आपलं खासगी चॅनल चालवायचा. 2022 साली तेही दार लागलं. दार त्यांचं, कडी त्यांची.

मग स्वतःचा सर्व्हर? ओनकास्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर चालतं, टीव्हीवरच्या व्हीएलसीत त्याचा पत्ता टाकला की दिसतं. पण हिशेब बघा. सेकंदाला अडीच मेगाबिटनं एक तास म्हणजे सव्वा जीबीच्या आत. शंभर टीव्ही लागले की शंभर-सव्वाशे जीबी, आणि ते वाहून नेणारा आपला सर्व्हर. वीस खोल्यांना जमेल. हजाराला दमछाक. म्हणून माझं मत: रस्ता त्यांचा वापरा, बिनलाजे वापरा, पण माल त्यांच्या गोदामात टाकून घरी येऊ नका.

ओबीएसमध्ये स्ट्रीमसोबत रेकॉर्डिंगचं बटणही दाबा, फाइल एमकेव्हीत ठेवा. मधेच वीज गेली तरी तोवरचं वाचतं. एमपी4 मध्ये सगळंच जाऊ शकतं. नंतर ओबीएसच ती एमपी4 करून देतं. दोन प्रती करा, एक काकांच्या घरी पोचवा. दुसरी पेन ड्राइव्हवर घ्या, टीव्हीच्या मागं खोचा, ज्यांच्याकडं नेट नाही त्या खोलीत रविवारी संध्याकाळी लावा.