खेळाडू आणि कारभारी

मैदान गाजविलेल्या खेळाडूने पुढे क्लबचा आणि संघटनेचा कारभार हाती घ्यावा, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु पायांतील कौशल्य आपोआप हिशेबाच्या वहीत उतरत नाही. १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबकडे गेलेले भायचुंग भूतिया यांनी २०११ मध्ये युनायटेड सिक्कीम क्लबच्या उभारणीत पुढाकार घेतला. पुढच्याच वर्षी क्लब आय-लीगमध्ये पोचला आणि एका हंगामात खाली घसरला. पुढे पैशाअभावी तो टिकला नाही. २०२२ च्या सप्टेंबरात भूतिया राष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले. मतदार होत्या राज्य संघटना. माजी गोलरक्षक कल्याण चौबे यांना ३३ मते पडली, भूतियांना अवघे एक! खेळाडू प्रथमच अध्यक्ष झाला. तरीही २०२५ मध्ये व्यापारी करार वेळेवर न झाल्याने इंडियन सुपर लीगचा हंगाम रखडलाच.

तेव्हा प्रश्न केवळ व्यक्तीचा नाही. इंदुरात होळकर दरबाराच्या आश्रयाने व सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली क्रिकेट बहरले. होळकर संघाने रणजी करंडक चारदा जिंकला. संस्थाने गेली, पाठोपाठ १९५५ मध्ये तो संघही गेला, आणि त्या भूमीत करंडक परतण्यास २०२२ साल उजाडावे लागले.

गोमंतकाने यातून बोध घ्यावा. येथील उद्योगपतींनी पदरमोड करून क्लब पोसले, हे ऋण आम्ही मानतो. धेंपो क्लबने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळविले. परंतु २०१६ मध्ये महासंघाच्या आराखड्यावर नाराज होऊन धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपो २०२४ मध्ये परतला. मधल्या वर्षांत वयात आलेल्या पोरांची संधी मात्र परतली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मान्य केलेल्या महासंघाच्या घटनेत नामवंत खेळाडूंना कार्यकारिणीत जागा आहेत. आमचे म्हणणे असे की, गोव्यातील माजी खेळाडूंनी सत्कारांच्या शाली बाजूला ठेवून जमाखर्च, करार व निवडणुकीचे नियम शिकावेत. आणि गावोगावच्या क्लबांनी सभासदांच्या वर्गणीवर उभे राहून दरवर्षी हिशेब चव्हाट्यावर मांडावा. आश्रयदाता उदार असला, तरी तो कायमचा नसतो. नियमांनी बांधलेली संस्था मात्र त्याच्यामागेही उरते. खेळाडूने खुर्चीवर जरूर बसावे; पण खुर्चीला चार पाय आहेत की नाहीत, हे आधी पाहावे.