नागरिकाचे क्रियापद कोणते?

'नागरिक' हा शब्द इंग्रजीतील 'सिटिझन'साठी आपण रूढ केला. पण नुसत्या नामाने माणूस नागरिक होत नाही. त्या नामापुढे कोणते क्रियापद येते, यावर सारे ठरते.

संविधानाचे कलम 19 वाचा. वाजवी निर्बंध सोडले तर नागरिक बोलतो, शांततेने जमतो, संघटना बांधतो, देशभर फिरतो, हवे तेथे राहतो, हवा तो व्यवसाय करतो. प्रत्येक वाक्यात नागरिक हा कर्ता आहे. यातली एकही क्रिया मोकळेपणाने करण्याची मुभा जातिव्यवस्थेने आमच्या बापजाद्यांना दिली नव्हती.

आता शासकीय मराठी पाहा. 'नागरिकांना कळविण्यात येते', 'लाभ देण्यात येतो', 'नागरिकांनी सहकार्य करावे.' येथे कर्ता गायब आणि नागरिक हात पसरून उभा! अलीकडे तर 'नागरिक' हा शब्दही मागे पडून 'लाभार्थी' पुढे आला आहे. लाभार्थ्याला मिळते, तो मागत नाही, जाब विचारत नाही.

कोणी म्हणेल, हा शब्दांचा कीस आहे. तसे नाही. महाडचे चवदार तळे नगरपालिकेच्या ठरावाने 1924 सालीच अस्पृश्यांना 'खुले करण्यात आले' होते. कागदावर! 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांसह हजारो लोक तेथे पाणी 'प्यायले', तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्याच वर्षी आमच्या वऱ्हाडात अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाचा लढा उभा राहिला. 'खुले करण्यात आले' आणि 'प्यायले' या दोन क्रियापदांमधील अंतर म्हणजेच आपली चळवळ.

अकोल्यात वकिली करताना आम्ही पाहतो, शिकलेली मुलेसुद्धा जातीच्या दाखल्यासाठी 'कृपा करून', 'मेहेरबानी व्हावी' असे लिहितात. बांधवांनो, दाखला ही कुणाची मेहेरबानी नव्हे. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 चे कलम 3 माहितीचा हक्क नागरिकाला देते आणि ती कशासाठी हवी, हे सांगण्याची सक्ती कलम 6 करीत नाही. महाराष्ट्राच्या 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत घातली आहे. मुदत टळली तर अपील करता येते.

म्हणून यापुढे अर्जात कलमाचा क्रमांक टाका आणि स्वच्छ लिहा : 'मी मागणी करीत आहे.' कर्ता आपण, क्रियापदही आपलेच. जयभीम!