बॅकला खेळणारा पोरगा

या आठवड्यात सौंसरला पोरांचा फुटबॉल सामना संपला आणि एका वडिलांनी कोचला गाठलं. "सर, आमचा पोरगा बॅकलेच किती दिवस खेळन? फॉरवर्डले घ्या ना त्याले, गोल मारन तं कोनी पाहीन तरी." पोरगा शेजारीच बुटाची नाडी सोडत मान खाली घालून बसला होता. सामनाभर "आत ये, माणूस धर" असं ओरडून सगळी फळी त्यानंच जाग्यावर ठेवली होती. त्या बापाचं बोलणं मला फार लागलं.

कोच घडतो तो बॅकमधून, हे मी इथे कितीदा लिहिलंय आणि लिहीत राहणार. फॉरवर्डला गोलजाळी दिसते, बॅकला सगळा डाव दिसतो.

गोव्याचे डेरिक परेरा आणि क्रोएशियाचे इगोर स्टिमॅक यांना शेजारी ठेवून बघा. दोघेही बचावपटू, दोघेही पुढे कोच. स्टिमॅक १९९८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या संघातले. २०१९ ला भारताची सूत्रं त्यांच्याकडे आली आणि पाच वर्षं राहिली. दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा दोनदा जिंकून दिली, ते श्रेय त्यांचंच. पण २०२४ च्या आशियाई चषकात तिन्ही सामने हरलो, एक गोलसुद्धा झाला नाही. जूनमध्ये विश्वचषक पात्रतेतून बाहेर पडलो, तेव्हा महासंघानं त्यांना काढलं आणि वर भरपाईही मोजली.

डेरिक साळगावकरकडून खेळले, देशाकडूनही खेळले. कोच म्हणून २००५-०६ ची राष्ट्रीय लीग त्यांनी मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला जिंकून दिली. पुढे पुणे एफसीला २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर नेलं. देशानं त्यांच्याकडे २३ वर्षांखालचा संघ सोपवला, मुख्य संघ कधीच नाही. महिंद्राचा संघ २०१० ला बंद झाला, नंतर पुणे एफसीही गेला. आपल्या मुलखात कोच टिकतो, क्लबच टिकत नाहीत! कोच सावियो मदेरा २०१२ मध्ये पायउतार झाल्यावर मुख्य संघाला पुन्हा कायमचा भारतीय कोच मिळायला २०२५ चा ऑगस्ट उजाडला. ते खालिद जमील, मुंबईच्या मैदानांवर मुरलेले. ते मधल्या फळीतले, माझ्या म्हणण्यात बसत नाहीत, तरी त्यांच्या निवडीचा मला मनापासून आनंद झाला.

डेरिकना स्टिमॅकची ती पाच वर्षं मिळाली असती तर आपण विश्वचषकात गेलो असतो, असं मी म्हणत नाही. पण घरचा जाणता माणूस असताना त्याच्याकडे मुख्य संघ एकदाही सोपवू नये, हा अन्याय आहे.

असे घरचे कोच घडावेत म्हणून पांढुर्णा-सौंसरच्या मंडळांना माझी विनंती आहे. पुढच्या स्पर्धेत चांगल्या बॅकसाठी वेगळं बक्षीस ठेवा. लहान पोरांचा सराव घ्यायला त्यालाच उभा करा. अठरा पूर्ण झाले की महासंघाच्या डी लायसन्सला पाठवा आणि त्याची फी वर्गणीतून भरा.