वेग ठेकेदाराला, उकाडा आपल्याला?



सरकारी घरकुलांत आता विटेची जागा साच्यात ओतलेले काँक्रीट घेत आहे. राजकोटला केंद्राच्या लाइट हाऊस प्रकल्पात टनेल फॉर्मवर्कने १,१४४ घरे झाली. १ जानेवारी २०२१ ला पायाभरणी, १९ ऑक्टोबर २०२२ ला लोकार्पण! भिंत आणि स्लॅब एकदमच ओततात. वेग मान्य, मजबुतीही मान्य. पण त्या घरात राहायचे कोणी?

खान्देशातून आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना धाब्याचे घर ठाऊक आहे. मातीची जाड भिंत वैशाखाची दुपार बाहेरच अडवायची. काँक्रीटची पातळ भिंत मात्र तापते आणि ती धग घरात सोडते. नवागाम-डिंडोलीतल्या कामगाराने रातपाळी करून आल्यावर झोपायचे कुठे? शिवाय भार त्या भिंतीवरच, म्हणजे मनासारखी तोडफोडही करता येत नाही.

पर्याय नाही असे कोणी सांगू नये. औष्णिक वीजकेंद्रांची राख वापरून होणारे एएसी ब्लॉक वजनाला हलके आहेत आणि काँक्रीटपेक्षा कितीतरी कमी उष्णता आत येऊ देतात. २०१८ ची इको-निवास संहिता तर भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा सांगते. मग गरिबाच्या घराच्या टेंडरमध्ये ही अट का नको?

मते मागायला येईल त्या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा : भिंत कशाची? गच्चीवर उष्णतारोधक थर आहे का? गळती लागली तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने?

चावी देतानाचा फोटो नंतर. आधी उत्तर द्या!