नऊ माळा आणि नऊ रंग

घटस्थापनेस आठ-पंधरा दिवस उरले म्हणजे मोर्णेच्या पश्चिम काठावरील आमच्या जुन्या शहरातील कापडदुकानांतून हल्ली एक नवीच मागणी ऐकू येते. पूर्वी गिऱ्हाईक पोत विचारी, काठ विचारी, रंग पक्का आहे की पहिल्याच धुण्यात जाईल हे विचारी. आता 'पाचव्या दिवसाचा रंग दाखवा' असे म्हटले जाते. कोणत्या दिवशी कोणता रंग नेसावयाचा, याचे कोष्टक घरोघरच्या मोबाईलवर आधीच येऊन दाखल झालेले असते, आणि दुकानदाराने त्याच क्रमाने थप्प्या लावून ठेवलेल्या असतात.

या प्रथेने आनंद दिला आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. रुग्णालयातील परिचारिका, एसटीच्या महिला वाहक, शाळेतील शिक्षिका, पहाटे रस्ते झाडणाऱ्या स्त्रिया यांचे एका रंगातील छायाचित्र वर्तमानपत्रात झळकते, तेव्हा एरवी ज्यांच्याकडे कोणी मान वळवून पाहत नाही अशा कित्येकींच्या मुखावर प्रसन्नता दिसते. तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु खेळाचा जेव्हा नियम होतो आणि नियमाला धर्माचे नाव मिळते, तेव्हा त्याकडे थोडे निरखून पाहणे अगत्याचे ठरते.

हा नियम फार प्राचीन आहे अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः मुंबईच्या 'महाराष्ट्र टाइम्स'ने 2003-04च्या सुमारास हा उपक्रम सुरू केला आणि तेथून तो महाराष्ट्रभर पसरला. म्हणजे प्रथेचे वय जेमतेम वीस-बावीस वर्षांचे; आजच्या सासूबाईंनी ती आपल्या सासूकडून घेतलेली नाही. (वृत्तपत्रांच्या घरातच जन्मलेल्या या बाळाचे कान वृत्तपत्राच्याच पानावर उपटणे अनेकांना गमतीचे वाटेल, पण ते काम परक्याने करण्यापेक्षा बरे.)

कोष्टकाला शास्त्राचा आधार म्हणून नवदुर्गांची नावे जोडली जातात. देवीकवचात शैलपुत्रीपासून सिद्धिदात्रीपर्यंत नऊ नावे क्रमाने आली आहेत, हे खरेच. पण रंग त्या देवीचा असता तर तो दरवर्षी तोच राहिला असता. 2024 साली घटस्थापना गुरुवारी आली म्हणून पहिला दिवस पिवळा ठरला. 2025 साली ती सोमवारी आली म्हणून तोच दिवस पांढरा झाला. शैलपुत्री दोन्ही वर्षी तीच होती! रंग ठरतो तो वारावरून. बरे, वारांच्या ग्रहांवरून ठरवला म्हणावे, तर तेही जुळत नाही. आपल्या नवग्रहपूजेत बुध हिरवा आणि शुक्र पांढरा मानतात. कोष्टकात बुधवार निळा आणि शुक्रवार हिरवा. शनिवारच्या वाट्याला राखाडी रंग आला आहे.

या राखाडीपाशी क्षणभर थांबावेसे वाटते. आमच्या वऱ्हाडातील कोणत्याही घरची लुगड्यांची पेटी उघडून पाहा. हिरवे निघेल, जांभळे निघेल, डाळिंबी निघेल, हळदकुंकवाचे पिवळे निघेल. सणासुदीला म्हणून हौसेने घेतलेले राखाडी पातळ मात्र सहसा निघणार नाही. तो रंग आपल्या स्त्रियांनी सणासाठी कधी निवडलाच नव्हता. म्हणजे तो विकत आणावा लागतो, एका दिवसासाठी, आणि पुढे तो पेटीच्या तळाशी जातो. ज्या घरी महिन्याचा हिशेब नीट बसतो तेथे ही किरकोळ गोष्ट होय. ज्या घरी सोयाबीन पावसात गेले आहे आणि कापूस अजून बोंडात आहे, तेथे ती किरकोळ राहत नाही. ओळखीच्या एका गृहिणीने मागच्या वर्षी तीन दिवस भिशीच्या मैत्रिणींकडे जाणे टाळले. कारण विचारता ती म्हणाली, "अंगात कणकण होती." तिला काही झाले नव्हते, त्या तीन दिवसांचे रंग तिच्यापाशी नव्हते.

देवीच्या उत्सवात बाईने रंगाच्या लाजेने घरी बसावे, ही गोष्ट मनाला लागते.

पेटीतील जुन्या लुगड्यांना प्रत्येकाची एक कथा असते. हे भाऊबीजेला भावाने ओवाळणीत घातलेले, हे डोहाळजेवणाचे, हे आईच्या मागे वाटणीत आलेले. स्त्री सणाच्या दिवशी त्यातील एक निवडते तेव्हा ती आपले वय, आपला वर्ण, आपली सवय आणि आपली माणसे यांचा एकत्र विचार करीत असते. हीच तिची शैली. तिला कोणी शिकवलेली नसते, आणि ती कोष्टकात बसत नाही. जुन्या बाया 'शोभते' हा शब्द वापरीत. शोभणे हे नेसणाऱ्यावर अवलंबून असते, वारावर नाही.

वऱ्हाडला तर हे निराळे सांगण्याची गरजच पडू नये. या मातीतील थोर पुरुषांनी वेशाच्या बाबतीत जगाचे ऐकले आहे असे दिसत नाही. गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्यांचे वस्त्र, डोक्यावर खापर, एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच असे. त्यांचे नावच त्यांच्या त्या गाडग्यावरून पडले. पण त्या वेशाची त्यांनी वर्दी केली नाही, कोणा भक्ताला तसा नटवला नाही. प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (1881–1915) स्वतःस ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत आणि श्रीकृष्णाला पती मानून कुंकू-मंगळसूत्र धारण करीत. त्या काळातील खेड्यात एका पुरुषाने असे करणे म्हणजे काय, याची कल्पना आज एकाच रंगाच्या गर्दीत उभे राहून येणार नाही. आणि दासगणूंच्या 'श्रीगजाननविजय' ग्रंथातील आपल्याच अकोल्याची कथा तर सर्वांच्या परिचयाची आहे. बच्चुलाल अगरवालांनी महाराजांची पूजा करून त्यांना अलंकारांनी मढवले. महाराजांनी ते सारे काढून फेकले, दोन पेढे घेतले आणि ते निघून गेले. भक्ताचा भाव खोटा नव्हता. पण दुसऱ्याने ठरवलेला थाट त्यांच्या अंगावर टिकला नाही.

संतांची गोष्ट संतांपाशी, असे कोणी म्हणेल. तर साध्या माणसांकडे पाहावे. 'देश तसा वेश' ही आपली म्हण. नऊवारीचा काष्टा घालून निंदणाला वाकता येते, कापूस वेचताना ओटीत बोंडे भरता येतात, वैशाखाच्या उन्हात सुती कापड घाम टिपते. वेशाला हवा-पाण्याचा आणि कामाचा नियम होता. तो नियम माणसाच्या सोयीसाठी जन्मला होता. आजच्या नियमात सोय कोणाची, हे दुकानातील थप्प्या पाहिल्यावर वेगळे सांगावयास नको.

एकसारख्या वेशाला मुळीच जागा नाही, असा याचा अर्थ नव्हे. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराकडे येणाऱ्या कावडधाऱ्यांना गर्दीत आपली मंडळी ओळखता यावी लागतात. लेझीमच्या पथकालाही गणवेश शोभतो. पण देवीसमोर ओटी घेऊन उभी राहिलेली बाई पथकात नसते. ती आपले गाऱ्हाणे घेऊन आलेली असते, आणि ते शेजारणीच्या गाऱ्हाण्यासारखे नसते.

आपल्याकडे नवरात्र मोजण्याची खरी रीत रंगांची नाहीच, माळांची आहे. 'आज तिसरी माळ', 'उद्या सातवी माळ' असे जुनी माणसे अजूनही म्हणतात. घटावर रोज एक माळ चढते. झेंडू मिळाला तर झेंडूची, शेवंती मिळाली तर शेवंतीची, काही घरी तरवडाच्या पिवळ्या फुलांची. परसात जे फुलले ते देवीला पोचले. कोजागिरीपर्यंत अंगणात भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या पोरींनाही कोणी रंग सांगितला नव्हता. त्या शाळेच्या झग्यात येत, आणि सारी उत्कंठा असे ती आज खिरापत काय, हे ओळखण्याची.

मंडळांनी यंदा एक करून पाहावे. महिलांच्या स्पर्धांतून व सामूहिक छायाचित्रांतून रंगाची अट काढावी, आणि ज्या बाईस आपल्या लुगड्याची गोष्ट सांगावीशी वाटेल तिला ती दोन मिनिटे सांगू द्यावी. मग राखाडीच्या दिवशी किती जणी आपणहून राखाडी नेसून येतात, तेही मोजावे.