धोकादायक झाड उतरवायचे कोणी?

नळदुर्ग : मराठवाड्यात पावसाळ्याआधीचे वारे नेहमीच बेभरवशाचे. एप्रिल-मेच्या दुपारी आभाळ भरून येते, धुळीचा लोट उठतो आणि अर्ध्या-पाऊण तासात गावातील दोन-चार झाडे आडवी झालेली असतात. आडवे झालेले झाड हा तुलनेने सोपा प्रश्न. ते रस्त्यात असेल तर दोन तासांत हलते, कारण वाहतूक अडलेली असते. कठीण असते ते अर्धवट मोडलेले झाड. बुंधा चिरलेला, एक मोठी फांदी दुसऱ्या फांदीत अडकून लोंबकळणारी, आणि तिच्या बरोबर खाली कोणाचे तरी स्वयंपाकघर. नळदुर्गच्या जुन्या वस्तीसारख्या ठिकाणी, जेथे गल्ल्या अरुंद आहेत, अनेक घरांवर पत्रे आहेत आणि अंगणातील कडुनिंब आजोबांच्या काळापासून उभा आहे, तेथे अशा झाडाखाली माणसे आठवडेच्या आठवडे राहतात. ती बेफिकीर असतात म्हणून नव्हे, तर झाड उतरवायचे कोणी, याचे उत्तर त्यांना मिळत नाही म्हणून.

या विलंबाची किंमत काय असू शकते, हे पारसने दाखवून दिले आहे. अकोला जिल्ह्यातील बाळापूर तालुक्यातील या गावी 9 एप्रिल 2023 च्या रात्री वादळी पाऊस सुरू झाला. बाबूजी महाराज मंदिर परिसरातील पत्र्याच्या शेडखाली भाविक आडोशाला थांबले होते. शेजारचा जुना, प्रचंड कडुनिंब त्या शेडवर कोसळला आणि सात जणांचा मृत्यू झाला. ज्या झाडाच्या सावलीचा वर्षानुवर्षे आधार वाटला, त्याच्या मुळांची अवस्था कोणी पाहिली नव्हती.

चेंबूरचे प्रकरण वेगळ्या अर्थाने अस्वस्थ करणारे आहे. जुलै 2017 मध्ये तेथे नारळाचे झाड अंगावर पडून दूरदर्शनच्या एका माजी निवेदिकेचा मृत्यू झाला. हे झाड धोकादायक असल्याचे रहिवाशांनी काही महिने आधीच मुंबई महापालिकेला कळविले होते. पाहणीनंतर ते तोडण्याची गरज नसल्याचे ठरले होते. म्हणजे तेथे अर्ज झाला, पाहणी झाली, निर्णयही झाला. चुकला तो निर्णय. नारळाचा बुंधा बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून पोखरलेला असू शकतो, हे नुसत्या डोळ्यांनी करावयाच्या पाहणीत कळणे अवघडच असते. स्वतंत्र उद्यान विभाग असलेल्या महापालिकेची ही कथा. छोट्या नगरपरिषदेत वृक्ष अधिकाऱ्याचे काम बहुधा दुसऱ्याच विभागाच्या कर्मचाऱ्याकडे अतिरिक्त म्हणून सोपविलेले असते.

कायदा मात्र नागरिक समजतात तितका आडमुठा नाही. नळदुर्गला नगरपरिषद असल्याने शहराच्या हद्दीत 1975 चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू होतो. स्वतःच्या अंगणातील झाडालाही परवानगीशिवाय हात लावता येत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच कायद्याची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. झाड वठलेले, रोगट वा वाऱ्याने पडलेले असेल किंवा त्यापासून जीविताला वा मालमत्तेला धोका आहे असे वृक्ष अधिकाऱ्याचे मत झाले, तर परवानगी नाकारता येत नाही. म्हणून अर्जात ‘झाड तोडू द्यावे’ अशी विनंती करण्यापेक्षा ‘झाडापासून जीवितास धोका आहे’ हे छायाचित्रांसह नोंदविणे अधिक उपयोगी. शहराच्या हद्दीबाहेर, शेतावर वा वस्तीवर, 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा चालतो. तेथे चिंच, आंबा, जांभूळ अशा अनुसूचीतील जातींसाठी परवानगी लागते.

सन 2021 च्या दुरुस्तीने आणखी एक भीती निर्माण केली. पन्नास वर्षांवरील वृक्ष ‘वारसा वृक्ष’ ठरले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची तरतूद आली. हेतू होता बांधकामांसाठीच्या सर्रास वृक्षतोडीला आवर घालण्याचा, आणि तो योग्यच होता. परंतु मोडलेल्या साठ वर्षांच्या निंबाचा मालकही आता साठ रोपांच्या धास्तीने अर्ज करायला बिचकतो.

झाड शेजाऱ्याचे असेल आणि तो ऐकत नसेल, तर? येथे एक जुनी तरतूद कामी येते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 मध्ये होती, 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये आहे. पडून इजा होईल अशा स्थितीतील झाड काढण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा सशर्त आदेश जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी अथवा खास अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी काढू शकतात. ‘आधार देणे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. प्रत्येक वाकलेले झाड मुळापासून तोडलेच पाहिजे असे कायद्यालाही वाटत नाही.

परवानगी हाती आली तरी अर्धेच काम झालेले असते. मोडलेले झाड उभ्या झाडासारखे तोडता येत नाही. वाकलेल्या खोडात ताण साठलेला असतो. चुकीच्या बाजूने करवत लागली तर खोड उभे चिरून तोडणाऱ्याच्याच अंगावर येते. लोंबकळती फांदी कोणत्या क्षणी सुटेल ते सांगता येत नाही, त्यामुळे तिच्याखाली उभे राहून काम करणे हा शुद्ध वेडेपणा. जाणकार माणूस शेंड्याकडून सुरुवात करतो. फांदी आधी दोराने वरच्या भक्कम आधाराला बांधायची, खालून थोडा काप घ्यायचा, मग थोड्या पुढच्या बाजूला वरून कापायचे आणि तुकडा दोरावर हळूहळू खाली सोडायचा. साल सोलवटत नाही, पत्राही फुटत नाही. ज्या झाडाचा बुंधाच चिरला आहे, त्यावर मात्र कोणी चढूच नये. तेथे क्रेन किंवा नगरपरिषदेच्या दिव्यांच्या कामाची शिडीगाडी हाच मार्ग.

विजेची तार गुंतली असेल तर महावितरणने पुरवठा बंद करून तसे सांगेपर्यंत कुऱ्हाड उचलायची नाही. दिवे गेले म्हणजे तार मेली, हा समज घातक आहे. पुरवठा केव्हाही परत सुरू होतो, आणि शेजारच्या घरातील चुकीच्या पद्धतीने जोडलेले जनरेटरही तारेत वीज सोडू शकते. ओली फांदी वीज वाहून नेते, हे वेगळे सांगायला नको.

प्रत्यक्षात आपल्याकडे हे काम कोण करते? बहुतेक वेळा वखारवाला. लाकूड त्याचे, मजुरीही त्याचीच, असा रोखठोक सौदा. त्यामुळे जाड बुंध्याच्या निंबाला माणसे लगेच मिळतात, आणि छपरावर रेललेल्या ठिसूळ गुलमोहराला कोणी विचारत नाही. जे मजूर येतात, ते चपला काढून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, कमरेला साधा दोर बांधून चढतात. त्यांच्यापैकी कोणी पडला तर जबाबदारी कोणाची, हा विषय सौद्यात नसतो. घरमालकाने निदान शिरस्त्राण व कमरपट्ट्याचा आग्रह धरावा आणि त्याचे वेगळे पैसे मोजावेत. धोकादायक झाडाच्या बाबतीत तोडणावळ लाकडाच्या भावातून वसूल करू पाहणे हेच मुळी चूक आहे.

नगरपरिषदेच्या हातात एक गोष्ट निश्चित आहे. जलवाहिनी वा गटारासाठी चर खणताना बुंध्यालगतची मुळे तोडली जातात, बुंध्याभोवती गळ्यापर्यंत काँक्रीट ओतले जाते, तारांसाठी एकाच बाजूच्या फांद्या छाटून झाड कलते केले जाते. वारा फक्त शेवटचा धक्का देतो. चर खणण्याच्या कामाच्या आदेशात झाडापासून किती अंतर सोडायचे याची अट घालायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही, आणि झाडांची पाहणी मार्चअखेर झाली तर मे महिन्यातील वाऱ्याआधी छाटणी उरकता येते. तोवर ज्यांच्या छपरावर फांदी टेकलेली आहे, त्यांनी अर्जाची पोच जपून ठेवावी आणि वाऱ्याच्या रात्री त्या खोलीत झोपू नये.